वजनकाट्यावरचा संगणक आणि आयटीआयचा फळा

सोलापुरात आयटीचा विषय निघाला की बोलणं लगेच आयटी पार्कवर येतं. पार्क झाला तर मुलं पुण्याला जाणार नाहीत, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमधली बॅगांची गर्दी कमी होईल, हिंजवडीतल्या कॉट बेसिसवर राहण्याची पाळी येणार नाही. मागणी रास्त आहे, ती लावून धरलीच पाहिजे. पण त्या नादात एक गोष्ट बाजूला पडते. संगणकाचं काम सोलापुरात आजही भरपूर आहे. फक्त ते ‘आयटी कंपनी’ अशी पाटी लावलेल्या इमारतीत नाही.

ते ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा हिशेब ठेवणाऱ्या खोलीत आहे, चिंचोळीच्या कारखान्यांत आहे, मराठवाडा आणि कर्नाटकातून रुग्ण येतात त्या रुग्णालयांच्या नोंदणी खिडकीत आहे, सहकारी बँकांत, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, महापालिकेत आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी सर्व्हर आहे, नेटवर्क आहे, डेटाबेस आहे, आणि ते बंद पडलं की सगळं काम थांबतं. शिकणाऱ्या मुलाला या जागी रीतसर उभं करायचं आणि त्याच वेळी त्याचा वर्ग सुटू द्यायचा नाही, अशी सोय कायद्याने केलेली आहे. ती नेमकी कशी चालते, हे नीट उलगडून सांगण्यासाठी हा लेख.

आधी हे पाहू की दोन्हीकडे शिकायचं कशाला. वर्गात सगळं शिकवून झाल्यावर कामावर पाठवलं तर काय बिघडतं?

समजा, गळीत हंगाम सुरू आहे. काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा आहे, मागे रांग लागली आहे. काट्याच्या खोलीतल्या छोट्या यंत्रावर वजनाचा आकडा दिसतोय, पण संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य. पावती निघत नाही. आयटीआयमधून आलेली मुलगी तिथे शिकाऊ म्हणून आहे. तिला पोर्ट म्हणजे काय याची व्याख्या पाठ आहे, परीक्षेत तिने ती लिहिलेली आहे. पण इथे व्याख्या कोणी विचारत नाही.

तिच्या सोबतचा जुना माणूस तिला घाई करू देत नाही. तो म्हणतो, वजन कुठून कुठे जातं ते आधी सांग. मग ती क्रम लावते. काट्याखाली लोड सेल असतात, म्हणजे दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारे संवेदक. तिथून संकेत इंडिकेटरकडे येतो, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या त्या छोट्या यंत्राकडे. इंडिकेटरमधून सीरियल केबल निघते. नव्या संगणकाला त्या जातीचं तोंडच नसतं, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर बसवलेला असतो. कन्व्हर्टर संगणकात एक कॉम पोर्ट तयार करतो, काट्याचा प्रोग्रॅम त्या पोर्टवर कान लावून बसतो, आलेला आकडा डेटाबेसात टाकतो आणि मग पावती छापली जाते.

आकडा इंडिकेटरवर दिसतोय, म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक. दोष त्याच्या पुढे. केबल हलवून पाहिली, ती घट्ट आहे. मग ती संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाते. काल रात्री कोणीतरी कन्व्हर्टर काढून शेजारच्या तोंडात लावलाय, आणि विंडोजने त्याला नवा क्रमांक दिलाय. काल कॉम ३ होता, आज कॉम ५ आहे. प्रोग्रॅम अजून ३ वरच कान लावून बसलाय. क्रमांक बदलला, आकडा आला, पावती निघाली, ट्रॅक्टर हलला.

या प्रसंगात वर्ग आणि काम यांची वाटणी स्पष्ट दिसते. पोर्ट, ड्रायव्हर, संवादाचा वेग हे शब्द तिला वर्गाने दिले. ते नसते तर जुन्या माणसाचं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं असतं आणि ती फक्त ‘हे बटण दाब’ एवढंच शिकली असती. उलट, साखळी लावून दोष कुठल्या दोन कड्यांच्या मध्ये आहे ते शोधायची सवय प्रयोगशाळेत लागणं अवघड. प्रयोगशाळेतला बिघाड शिक्षकाने मुद्दाम केलेला असतो आणि मागे ट्रॅक्टरची रांग नसते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पुढच्या आठवड्यात ती वर्गात परत गेली आणि ‘कन्व्हर्टरचा क्रमांक असा आपोआप का बदलतो, तो कायमचा कसा बांधून ठेवायचा’ हे तिने शिक्षकांना विचारलं, तर त्या एका बिघाडाचं ज्ञान होतं. ती परत गेलीच नाही, तर तो नुसता तोडगा राहतो.

सोलापूरला हे नवीन नाही. पद्मशाली विणकरांच्या घरात मूल आधी कांडी भरायला बसायचं, मग धोटा, मग माग. पण मागाचं तंत्र पिढीत एकदा बदलायचं, त्यामुळे शेजारी बसून शिकलेलं आयुष्यभर पुरायचं. संगणकाचं तंत्र पाच-सहा वर्षांत बदलतं. इथे नुसतं शेजारी बसून चालत नाही. कारण माहीत असलेल्यालाच नवं तंत्र उचलता येतं, आणि कारण सांगायला वेळ असतो तो वर्गात.

दोन्हीकडे एकाच वेळी शिकण्याची पद्धत सर्वांत पक्की बसवली ती जर्मनीने. तिथे शिकणारा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, किंवा काही आठवडे सलग इकडे आणि काही आठवडे तिकडे. संगणकासाठी ‘फाखइन्फॉर्माटिकर’ नावाचा स्वतंत्र व्यवसाय त्यांनी १९९७ साली सुरू केला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात एक शाखा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची आणि एक संगणकजाळं उभारणाऱ्यांची आहे. २०२० मध्ये माहितीचं विश्लेषण आणि यंत्रांची जोडणी या आणखी दोन शाखा आल्या. मला त्यातली परीक्षेची रीत सर्वांत मोलाची वाटते. उमेदवाराला आपल्या कंपनीतलंच खरं काम प्रकल्प म्हणून करावं लागतं. प्रोग्रॅमवाल्याला ८० तास आणि नेटवर्कवाल्याला ४० तास दिलेले असतात. त्यानंतर परीक्षकांसमोर उभं राहून तो प्रकल्प मांडायचा. परीक्षा शाळा घेत नाही आणि कंपनीही घेत नाही. ती तिथलं उद्योग-व्यापार मंडळ घेतं. त्यामुळे शाळेला नुसतं पाठांतर करून घेता येत नाही आणि कंपनीला नुसतं राबवून घेता येत नाही.

आपल्याकडचा पाया आहे १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा. सुरुवातीला तो फिटर, टर्नर, वीजतंत्री अशा कारखान्यातल्या व्यवसायांसाठी होता. १९७३ मध्ये पदवी आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१४च्या दुरुस्तीने मोठा बदल केला. ‘ऐच्छिक व्यवसाय’ हा प्रकार आला, म्हणजे सरकारी यादीत नसलेल्या कामासाठीही आस्थापनेला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवून शिकाऊ उमेदवार घेता येऊ लागले. संगणकाच्या कामांना याचा मोठा उपयोग आहे, कारण या क्षेत्रात नवं काम उभं राहतं तेव्हा सरकारी यादीत त्याचं नाव यायला वेळ लागतो.

कायद्यातली सोलापूरच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की तो आस्थापनेचा धंदा विचारत नाही, माणसं किती ते विचारतो. तीस किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असेल, तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरायची. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. म्हणजे दोनशे माणसांच्या टॉवेल कारखान्याला किमान पाच शिकाऊ घ्यावेच लागतात. ते पाचही मागावर किंवा शिलाईवरच असले पाहिजेत असं कायद्यात कुठेही नाही. त्यातला एक संगणक विभागात बसू शकतो. साखर कारखाना, रुग्णालय, बँक, सगळ्यांना हाच नियम.

हे नुसतं कागदावर शक्य आहे असंही नाही. महावितरण दरवर्षी आपल्या मंडलांमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री यांच्या जोडीने कोपा या व्यवसायाचेही शिकाऊ उमेदवार घेते. वीज कंपनी काही आयटी कंपनी नव्हे. पण बिलिंग, ग्राहकांच्या तक्रारी, मीटरची नोंद हे सगळं संगणकावर आहे, म्हणून तिला ही माणसं लागतात. महावितरणला जमतं ते चिंचोळीच्या कारखान्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

आता कोपा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण दहावीनंतर संगणकाकडे जाण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित रस्ता तो आहे. ‘कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट’ हा आयटीआयमधला एक वर्षाचा व्यवसाय आहे. दहावी पास असलं की प्रवेशाला पात्र. वर्षाचे १२०० तास. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास सिद्धांताचे आणि १२० तास रोजगारक्षम कौशल्यांचे. ऑपरेटिंग सिस्टिम, ऑफिसचे प्रोग्रॅम, डेटाबेस, नेटवर्क, वेबपानं, जावास्क्रिप्ट, सायबर सुरक्षा एवढं सगळं त्यात येतं. २०२२ मध्ये अभ्यासक्रम सुधारला तेव्हा याशिवाय आणखी १५० तास जवळच्या उद्योगात प्रत्यक्ष काम करण्यासाठी ठेवले. उद्योग जवळ नसेल तर त्याऐवजी गटाने प्रकल्प करायचा, अशी पळवाट आहे. खेड्यातल्या आयटीआयसाठी ती गरजेची आहे. सोलापूर शहरातल्या आयटीआयने मात्र ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शहराला दोन बाजूंनी एमआयडीसी असताना ‘उद्योग जवळ नाही’ असं म्हणायला जागा नाही.

१५० तास म्हणजे जेमतेम महिनाभर. त्याहून दाट जोड हवी असेल तर दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे. केंद्राने ती २०१६ मध्ये जर्मन धर्तीवर आणली. यात आयटीआय आणि उद्योग यांच्यात करार होतो. सिद्धांत आणि पायाभूत कौशल्य आयटीआयत, आणि वर्षातले काही महिने प्रात्यक्षिक थेट उद्योगात. मुलगा किंवा मुलगी सगळा वेळ आयटीआयच्याच पटावर राहते, परीक्षा नेहमीचीच. इथे पुढाकार घ्यायचा असतो प्राचार्यांनी आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाने. विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज करून हे होत नाही.

तिसरा आणि मुख्य रस्ता म्हणजे प्रत्यक्ष शिकाऊ उमेदवारी. कोपा पास झालेल्याला त्याच्याशी जोडलेल्या व्यवसायात, म्हणजे प्रोग्रॅमिंग आणि सिस्टिम्स ॲडमिनिस्ट्रेशन सहायक म्हणून, किंवा एखाद्या ऐच्छिक व्यवसायात शिकाऊ होता येतं. याची पावलं अशी. उमेदवार आणि आस्थापना दोघेही केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी करतात. आस्थापना जागा जाहीर करते, उमेदवार अर्ज करतो, निवड झाली की करार तयार होतो. हा करार म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा कणा. त्यात व्यवसायाचं नाव, मुदत, विद्यावेतन लिहिलेलं असतं आणि तो पोर्टलवर नोंदवला जातो. अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. करार नोंदवलेला नसेल तर तुम्ही कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार नाहीच, मग आस्थापना तोंडी काहीही म्हणो.

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, तो प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळतं. २०१९च्या दुरुस्तीने ठरवलेलं किमान विद्यावेतन आयटीआय पास झालेल्याला दरमहा ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये होतं. मुदत एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. हे आकडे किमान आहेत आणि सरकार ते वेळोवेळी बदलतं, म्हणून सही करताना त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहावा. यातला काही भार सरकार उचलतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र देतं. ऑगस्ट २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होते. पदवी आणि पदविकावाल्यांची योजना वेगळी आहे. तिथे किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्राचा असतो आणि पश्चिम भारताचा कारभार मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून चालतो.

शिकाऊ उमेदवारीत वर्ग कुठे येतो? इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. कायद्याच्या भाषेत दोन भाग आहेत: मूलभूत प्रशिक्षण आणि अनुषंगिक सूचना. मूलभूत प्रशिक्षण सुरुवातीला, ज्याने आयटीआय केलेलं नाही त्याच्यासाठी. अनुषंगिक सूचना म्हणजे काम सुरू असताना अधूनमधून होणारा सिद्धांताचा वर्ग. महाराष्ट्रात यासाठी जिल्ह्याच्या आयटीआयशी जोडलेली स्वतंत्र केंद्रं आहेत. ‘बीटीआरआय’ म्हणून ती ओळखली जातात. आस्थापना आणि उमेदवार यांच्या तक्रारीही तिथल्या सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे जातात. हा अनुषंगिक वर्ग आस्थापनांना आवडत नाही. माणूस एक दिवस कामावरून जातो, असं त्यांना वाटतं. मग हजेरीचा कागद भरला जातो आणि वर्ग होत नाही. पण शिकाऊ उमेदवार आणि स्वस्त कामगार यांच्यात फरक असतो तो याच एका दिवसाचा.

तो दिवस काय देतो ते टॉवेल कारखान्याच्या उदाहरणाने पाहू. मुलाला मालाच्या साठ्याचं काम दिलंय. एक्सेलच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. एकच टॉवेल एका ओळीत ‘३०×६०’ म्हणून, दुसरीत ‘तीस साठ’, तिसरीत ‘बाथ मोठा’ म्हणून लिहिलाय. कुठे संख्या डझनात, कुठे नगात, कुठे वजन किलोत. रंगाच्या रकान्यात ‘मरून’ आणि ‘मरूण’ हे दोन वेगळे रंग झालेत. महिनाअखेरीला साठा कधीच जुळत नाही आणि गोदामातल्या माणसावर आळ येतो.

पहिल्या आठवड्यात मुलगा ओळी हाताने दुरुस्त करत बसतो. मग वर्गाचा दिवस येतो. त्या दिवशी शिक्षक डेटाबेसचा सामान्यीकरण हा धडा घेतात. पुस्तकात तो विद्यार्थी, विषय आणि गुण अशा तक्त्यांनी समजावलेला असतो, आणि सगळ्या वर्गाला तो कंटाळवाणा वाटतो. या मुलाला मात्र त्यात आपली फाइल दिसते. मालाचा एक तक्ता, मापाचा एक तक्ता, रंगाचा एक तक्ता, आणि साठ्याच्या नोंदीत नाव न लिहिता फक्त क्रमांक. मग ‘मरूण’ लिहायला जागाच उरत नाही, कारण रंग यादीतूनच निवडावा लागतो. डझन की नग, हा प्रश्न मापाच्या तक्त्यात एकदाच सुटतो. जीएसटीसाठी लागणारा एचएसएन क्रमांक, टॉवेल-चादरींसाठी ६३०२, हाही प्रत्येक ओळीत पुन्हा टाकावा लागत नाही.

तो परत कारखान्यात येतो आणि आता त्याच्यासमोर असे प्रश्न येतात जे शिक्षकांनाही सुचले नसते. जुन्या नोंदी नव्या तक्त्यांत आणायच्या कशा? चालू काम न थांबवता आणायच्या कशा? गोदामातला माणूस तेलुगूत सांगतो, सुपरवायझर मराठीत लिहितो आणि पडद्यावर चूक दिसते ती इंग्रजीत, तर यादीतली नावं कोणत्या भाषेत ठेवायची? यातली कुठलीही गोष्ट नुसत्या वर्गात किंवा नुसत्या कामावर उमगली नसती. शिकणं घडतं ते या जाण्यायेण्यात.

हे जाणं-येणं बसवण्याच्या दोन रीती आहेत आणि सोलापुरात दोन्हींना वाव आहे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीचा कारखाना शहराजवळ आहे. तिथे आठवड्यातले पाच दिवस काम आणि एक दिवस वर्ग जमतो. पण माळशिरस, पंढरपूर किंवा माढ्याकडच्या साखर कारखान्यातल्या मुलाला दर आठवड्याला सोलापुरात आणणं शहाणपणाचं नाही. तिथे सलग तुकडे पाडावेत. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ते महिने कारखान्यात. हंगाम संपला की वर्गात. मग पुन्हा कारखान्यात, यंत्रणेच्या दुरुस्तीच्या काळात, पुढच्या हंगामाच्या ऊस नोंदी तयार करायला. शेतकऱ्यांच्या लागवडीच्या नोंदी, तोडणीचा क्रम, वाहनांची यादी, काट्याची जोडणी, बिलं असा संपूर्ण माहितीचा प्रवास एका वर्षात त्याच्या नजरेखालून जातो. प्रोग्रॅम शिकणाऱ्याला याहून चांगली पाठशाळा मी तरी सुचवू शकत नाही.

पदविका आणि पदवीच्या मुलांसाठी दारं वेगळी आहेत. शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा १९८३ पासून चालू असलेल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांना पदवीधर किंवा पदविका शिकाऊ म्हणून एक वर्ष काढता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून राज्यातल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला ४ श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी पदवीतच गुंफण्याची सोय २०२० मध्ये आणली आणि २०२५ मध्ये तिचे नियम नव्याने काढले. तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सत्रं उद्योगात काढता येतात, विद्यावेतन घेऊन. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं म्हणून स्थापन झालं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ असण्याचा फायदा घ्यायचा तर तो इथे घ्यावा. सगळे उद्योग आणि सगळी महाविद्यालयं एकाच जिल्ह्यात असताना अशी सत्रं आखणं मोठ्या विद्यापीठापेक्षा कितीतरी सोपं आहे.

मोठ्या संस्था आणि कंपन्यांनीही हा मार्ग फार आधी ओळखला. बिट्स पिलानी १९७९ पासून नोकरी करणाऱ्यांना काम न सोडता पदवीपर्यंत नेते. विप्रोने त्यांच्याबरोबर विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन एमटेकपर्यंत शिकवलं. एचसीएल बारावीनंतर मुलांना घेऊन आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि सोबत पदवी अशी योजना चालवते. या योजना चांगल्या आहेत. पण त्यात शिरताना प्रशिक्षणाची फी, किती वर्षं कंपनी सोडता येणार नाही, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे तीन प्रश्न घरच्यांनी लेखी विचारावेत.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही इथे आठवायला हवी. जुलै २०२४ मध्ये आषाढी एकादशीला पंढरपुरातच तिचा गाजावाजा झाला. बारावी पासला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, मुदत आधी सहा महिने, पुढे अकरा. विद्यावेतन पूर्ण सरकारचं. त्यातून अनेकांना पहिल्यांदा कार्यालयाची शिस्त कळली, हे खरं. पण त्या योजनेत वर्ग नाही, अनुषंगिक सूचना नाही, शेवटी कौशल्याची परीक्षा नाही. म्हणून मी तिला शिकाऊ उमेदवारीच्या बरोबरीला ठेवत नाही. संगणक शिकलेल्या मुलाला अकरा महिने आवक-जावक नोंदी टाकायला बसवलं तर अकराव्या महिन्यात तो पहिल्या महिन्याइतकाच शिकलेला असतो, फक्त त्याचा टंकनाचा वेग वाढलेला असतो.

डेटा एंट्रीचा हा धोका शिकाऊ उमेदवारीतही आहे, आणि तो टाळायचा उपाय साधा आहे: कामाची वही. कायद्याने शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवायची असते. ती तारीख आणि सहीपुरती न ठेवता मुलाने स्वतः लिहावी. आज काय बिघडलं, साखळीत कुठे बिघडलं, कसं कळलं, काय केलं, काय कळलं नाही. शेवटचा रकाना वर्गासाठी. वही चार आठवडे चाळली आणि प्रत्येक पानावर ‘नोंदी टाकल्या’ एवढंच असेल, तर शिक्षकाला, सल्लागाराला आणि आईवडिलांनाही कळतं की इथे शिकणं थांबलंय. जादा वेळ थांबवून घेण्याच्या बाबतीतही कायदा मुलाच्या बाजूचा आहे. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही.

आस्थापनेच्या बाजूचीही एक भीती समजून घेतली पाहिजे. शिकाऊ मुलाच्या हातात खरा डेटा कसा द्यायचा? रुग्णालयात तर ही भीती योग्यच आहे. रुग्णाचा आजार ही त्याची खासगी बाब आहे, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालेला आहे. उत्तर असं की शिकाऊला स्वतंत्र लॉगिन द्यावं, सरावासाठी नावं पुसलेली प्रत द्यावी, मूळ डेटाबेसात बदल करण्याचा अधिकार देऊ नये, आणि रोजचा बॅकअप घेणं हेच त्याचं पहिलं काम ठेवावं. बॅकअप नुसता घ्यायचा नाही, तो दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायचा. अनेक ठिकाणी बॅकअप वर्षानुवर्षं घेतला जातो आणि गरज पडते त्या दिवशी कळतं की तो उघडतच नाही. शिकाऊ मुलाने ही एक गोष्ट जरी लावून दिली तरी त्याचं वर्षभराचं विद्यावेतन वसूल झालं असं समजावं.

आणखी एक सावधगिरी. पैसे घेऊन ‘इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र देणाऱ्या जागा वाढल्या आहेत. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: शिकाऊ उमेदवारीत पैसे आस्थापना तुम्हाला देते, तुम्ही तिला देत नाही. पोर्टलवर कराराचा क्रमांक निघत नसेल, तर त्या कागदाला शिकाऊ उमेदवारी म्हणता येत नाही. मुदत पूर्ण करून परीक्षा दिल्यावर मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र देशभर चालतं, पुण्यातही आणि बंगळुरूतही. म्हणजे सोलापुरात शिकलं म्हणून मुलगा सोलापुरात अडकत नाही. तो गेला तरी हातात काम घेऊन जातो.

दहावी, बारावी, पदविकेची मुलं घरात असतील त्यांनी जवळच्या आयटीआयत आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा जाऊन यावं. संगणकाच्या जागा कोणी जाहीर केल्या आहेत, ते विचारावं. आणि तीस किंवा त्याहून जास्त माणसांचा कारखाना, रुग्णालय किंवा बँक सोलापुरात चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शिकाऊ उमेदवार तुम्हाला घ्यायचेच आहेत. त्यातली एक जागा संगणक विभागासाठी जाहीर करा, आणि त्या मुलीला आठवड्यातून एक दिवस वर्गात पाठवा.